टोमॅटोचा दर्जेदार संकर : कोल्हापूर भागासाठी थंडीतली कामे

टोमॅटोचा संकर करायला आपल्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. रात्री १५ ते २० अंश तापमान असले की फळ चांगले धरते. उन्हाळ्यात पारा ३५ च्या पुढे गेला की पराग निकामी होतो आणि फूल गळते. म्हणून नर वाणाचे, म्हणजे ज्याचा पराग घ्यायचा त्याचे, बी ऑगस्टअखेर टाका, मादी वाणाचे, म्हणजे ज्यावर फळ धरायचे त्याचे, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. चार-पाच मादी झाडांना एक नर झाड पुरते.

खरी कसोटी पालक निवडण्यात आहे. संकराचे फळ वजनाने बहुधा लहान फळाच्या पालकाकडे झुकते, गोडी दोघांच्या मध्ये कुठेतरी राहते. एका पालकाच्या कच्च्या फळाचा खांदा, म्हणजे देठाजवळचा भाग, गडद हिरवा असेल तर संकरातही तो उतरतो. एकसारखा रंग हवा असेल तर दोन्ही पालक हिरव्या खांद्याविना घ्या. उभट फळाचेही तसेच, गोल पालकाशी जोडले की आकार गोलाकडे जातो. पाने आकसवणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूला दाद न देणारा गुण मात्र एका पालकाकडून आला तरी बहुतेक भागते. शिरोळ-हातकणंगल्याचा माल क्रेटमधून लांब जातो, तेव्हा टणक फळाचा आग्रह बरोबरच. पण पिकणे लांबवणारा रिन जनुक एका बाजूने आला तरी टिकवण वाढताना रंग आणि चव कमी होते. आमच्या मते फळाची जाड भिंत आणि कमी कप्पे यांतून टणकपणा मिळवणे जास्त शहाणपणाचे.

आता कळी. उद्या उमलणार अशी, पाकळ्या मिटलेल्या आणि फिकट पिवळसर झालेली कळी संध्याकाळी निवडा. पाकळ्या गडद पिवळ्या झाल्या असतील तर आत पराग सुटलेला असू शकतो, ती कळी तोडून टाका. टोकदार चिमट्याने पुंकेसरांची नळी बाजूने फाडून सगळी काढा. मधली काडी, म्हणजे स्त्रीकेसर, वाकली किंवा खरचटली तर फळ धरत नाही. वाण बदलताना चिमटा स्पिरिटमध्ये बुडवा. फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी (निदलांपैकी) दोन बुडापासून कापा, ही खूण फळ पिकेपर्यंत राहते.

परागासाठी उमललेल्या नर फुलांच्या नळ्या काढून कागदावर रात्रभर कोरड्या, उबदार जागी सुकवा आणि बारीक जाळीवर चोळून वाटीत पराग पाडा. ओला पराग गोळा होतो, चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळल्यावर मादीच्या काडीचे टोक परागात बुडवा. पंचगंगाकाठच्या उसाला लागून असलेल्या रानात दव उशिरा हटते, तिथे घाई नको. खूण नसलेली फळे झाडावर ठेवूच नका. ती स्वपरागाची असतात.

फळ ५० ते ६० दिवसांत पूर्ण लाल झाले की गर पाणी न घालता एक दिवस आंबवा. जास्त ठेवला तर बी काळे पडते, कोंबही फुटतात. धुऊन सावलीत जाळीवर वाळवा.

पुढच्या हंगामात संकर, दोन्ही पालक आणि बाजारातला एक वाण शेजारी-शेजारी लावा. गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर मोजताना सारखीच पिकलेली फळे घ्या, आणि पाणी देऊन लगेच मोजू नका, आकडा खाली येतो. टिकवण पाहायला रंग फुटताना तोडलेली दहा फळे घरातल्या फळीवर ठेवून रोज दाबून बघा. पसंत पडलेल्या संकराच्या फळातले बी राखून पुढे पेरू नका, झाडागणिक फळ वेगळे निघते. दर वर्षी पालकांपासूनच नवे बी करावे लागते.