मीडियम फॉरमॅट लेन्सचा ब्लर: आधी दिव्यांवर तपासा, मग उसावर

मीडियम फॉरमॅट (फुल फ्रेमपेक्षा मोठ्या फिल्मचा किंवा सेन्सरचा कॅमेरा) घेतला की मागचं आपोआप सुंदर धूसर होतं, हा समज आधी बाजूला ठेवा. ब्लर किती मिळणार हे छिद्राच्या व्यासावर ठरतं: फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर. पेंटॅक्स ६७ च्या १०५ मिमी एफ/२.४ चा व्यास ४४ मिमी, हॅसलब्लाडच्या ८० मिमी एफ/२.८ प्लॅनरचा २९. फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ८५ मिमी एफ/१.४ चा मात्र ६१! विषय चौकटीत तेवढाच मोठा ठेवला, तर ब्लरच्या आकारात ही लेन्स दोघींना मागे टाकते. तो ब्लर दिसतो कसा, हे मात्र तपासूनच कळतं.

साताऱ्यात चार भिंती या टेकडीवरच्या स्मारकापाशी जा, खाली शहरातले दिवे लागल्यावर. ट्रायपॉडपासून दोन मीटरवर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवा, त्यावर टॉर्च मारा आणि छापील अक्षरांवर फोकस करा. सहा बाय सहाच्या रोलवर १२ फ्रेम असतात: एफ/२.८, ४, ५.६ आणि ८ वर प्रत्येकी तीन एक्स्पोजर. त्यातलं एक मुद्दाम कमी ठेवा. धूसर दिवा फोटोत चकतीसारखा उमटतो; दिवे जळून पांढरे झाले तर त्या चकतीच्या आत काय आहे ते दिसतच नाही.

आता चकत्या बघा. कडा आतल्या भागापेक्षा उजळ असेल, तर हीच लेन्स गवत-फांद्यांवर दुहेरी रेषा काढणार. मध्ये उजळ आणि कडेला विरत जाणारी चकती मागच्या भागासाठी उत्तम, पण अशा लेन्सचा पुढचा ब्लर बहुधा कर्कश असतो. आत कांद्यासारखी वलयं दिसली तर दोष ॲस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या वक्रतेच्या) काचेचा. छिद्र लहान करूनही तो जात नाही. कोपऱ्यातल्या चकत्या चपट्या असतील तर लेन्सची नळीच प्रकाश कापतेय. छिद्र एक-दोन स्टॉप बंद करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पण हॅसलब्लाडच्या जुन्या लीफ शटर (लेन्सच्या आतच शटर असलेल्या) लेन्सच्या छिद्राला पाचच पाती, त्यामुळे एफ/४ ला लगेच पंचकोन उमटतात. तिथे पूर्ण उघडंच ठेवा, नाहीतर दिवे चौकटीबाहेर काढा. चकत्या एका बाजूने कापलेल्या दिसल्या, तर डिजिटल कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवणारी सेटिंग) बंद करून मेकॅनिकल शटर लावा.

दिवसा एफ/२.८ हवं असेल तर भर उन्हात आयएसओ १०० ला १/५०० सेकंद धरूनही तीन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लागतो.

खरी परीक्षा उसाच्या फडासमोर. पानं लांब, धारदार आणि उन्हात चमकणारी, म्हणजे दुहेरी रेषांना आमंत्रणच. ब्लर मोजायचा असा: फडाच्या अंतरातून विषयाचं अंतर वजा करा, फडाच्या अंतराने भागा, व्यासाने गुणा. माणूस दोन मीटरवर आणि फड तीन मीटरवर असेल, तर पेंटॅक्सच्या लेन्सला, माणसाच्या अंतरावर मोजलेला ब्लर जेमतेम १५ मिमी. फड आठ मीटरवर गेला की ३३. म्हणून लेन्स बदलण्याआधी माणसाला बांधावरून पुढे आणा. जागाच नसेल तर एफ/४ करून बघा: ब्लर कमी होतो, पण कडेची चमक बरीच उतरते.