सात मणके, आठ नर्व्ह आणि माझी सप्ली

आमच्या मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमीत (शरीररचनेत) हेड-नेक, म्हणजे डोकं आणि मान, अगदी शेवटी यायचं. तोवर हात, पाय, छाती, पोट होऊन गेलेलं, डीएचमध्ये (डिसेक्शन हॉल, जिथे मृतदेह उघडून शिकतो) फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे थांबलेले, आणि ‘जमतंय की’ असं वाटायला लागलेलं. तिथेच माझा पाय घसरला. विद्यापीठाच्या परीक्षेत ॲनाटॉमी गेली. बॅचमेट वॉर्डात नवीन स्टेथोस्कोप मिरवत होते तेव्हा मी होस्टेलच्या कॉटवर मांडीत कवटी घेऊन सप्लीचा (फेरपरीक्षेचा) अभ्यास करत होते. आता इंटर्नशिप संपत आलीय, तरी ‘व्हायव्हा’ (तोंडी परीक्षा) म्हटलं की पोटात गोळा येतोच. म्हणून हे लिहितेय. सगळं हेड-नेक शिकवायला बसले नाहीये, मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या एका खड्ड्याबद्दल सांगायचंय, ज्यात मी पडले.

त्याआधी कवटी पटकन. तिची भीती विनाकारण घातली जाते. हाडं २२, पण मार्क असतात तळाच्या भोकांना. चित्र बघून ती पाठ करू नका, झाडूची काडी घ्या. फोरामेन स्पायनोसम नावाच्या भोकातून काडी आत घाला आणि आतल्या बाजूनं मिडल मेनिंजियल आर्टरीची (मेंदूच्या आवरणाच्या रक्तवाहिनीची) खाच बोटानं धरून कानशिलाकडे जा. तिची पुढची फांदी टेरिऑनच्या, म्हणजे कानशिलाजवळच्या हाडांच्या सांध्याच्या, आतल्या अंगाला येते, आणि तिथलं हाड बोटाला पातळ लागतं. एकदा हे केलं की डोक्याला बाजूनं मार लागल्यावर एक्स्ट्राड्युरल रक्तस्राव (कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मधला) का होतो हे वेगळं पाठ करावं लागत नाही. काडी हलक्या हातानं घाला, हाडं कॉलेजची असतात आणि दंड आपल्याला असतो.

चेहऱ्याच्या डिसेक्शनला घाई करू नका. पॅरोटिड (कानापुढची लाळेची) ग्रंथी खरवडताना मी ‘फॅशिया (पातळ पडदा) आहे’ म्हणून जे कापलं ती फेशियल नर्व्हची (चेहऱ्याच्या मज्जातंतूची) जबड्याकडे जाणारी फांदी होती. शंका आली की आधी चिमट्यानं हलकेच ओढून बघा. फॅशिया विस्कटतो, नर्व्ह ताणते पण तुटत नाही. आणि ही नर्व्ह ग्रंथीच्या पोटातून जाते म्हणून ग्रंथीला काही देते असं समजू नका. लाळेचा पुरवठा ग्लॉसोफॅरिंजियल या दुसऱ्या नर्व्हचा. आमच्या निम्म्या टेबलानं इथे मार खाल्ला.

आता खड्डा. पाठीचा कणा सोपा वाटतो, कारण आकडे सोपे आहेत. मानेत मणके ७ (सी), छातीला १२ (टी), कमरेत ५ (एल), मग जुळलेले ५ (सेक्रम) आणि माकडहाडाचे साधारण ४. दोन मणक्यांच्या मधे डिस्क, म्हणजे गादी. मी शेतकऱ्याच्या घरची, मला सातबारा पाठ करावा लागला नाही. (नर्व्हची नावं लक्षात ठेवायची इंग्रजी वाक्यं, त्यातली चावट जास्तच, सीनियर फार प्रेमानं देतात. माझा अनुभव असा की परीक्षेत वाक्य आठवतं, नर्व्ह आठवत नाही.)

एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) विचारलं, “एल ४ आणि एल ५ च्या मधली डिस्क मागे-बाजूला सरकली. कुठली नर्व्ह दाबली जाईल?” मी ठामपणे म्हणाले, “एल ४, सर.” नियम पाठ होता ना, कमरेत नर्व्ह आपल्याच नंबराच्या मणक्याखालून बाहेर पडते. नियम बरोबर, उत्तर चूक. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “मज्जारज्जू कुठे संपतो?” मी तो पार सेक्रममध्ये नेऊन सोडला. पुढचं विचारू नका. सप्ली फक्त यानं लागली असं नाही, थिअरीतही मी कमी पडले होते, पण तो चष्मा अजून दिसतो.

नीट ऐका, कारण हे मला कुणी सलग सांगितलं नव्हतं. एकाच नंबराच्या तीन गोष्टी असतात, मणका, नर्व्ह आणि मज्जारज्जूचा सेगमेंट (ती नर्व्ह जिथून निघते तो तुकडा). तिघे एकाच पातळीवर राहत नाहीत.

मानेत मणके ७ आणि नर्व्हच्या जोड्या ८. पहिली जोडी कवटी आणि ॲटलसच्या (पहिल्या मणक्याच्या) मधून निघते, म्हणून मानेत प्रत्येक नर्व्ह आपल्या मणक्याच्या वरून बाहेर येते. सातवी सातव्याच्या वरून गेली. सातव्याच्या खालून जी निघते तिच्या नंबराचा मणकाच नाही. ती सी ८. तिथून हिशोब उलटतो, टी १ नर्व्ह टी १ मणक्याच्या खालून, आणि तसंच पुढे.

आता डिस्क. कमरेत एल ४ नर्व्ह पेडिकलला (मणक्याच्या कमानीच्या बुंध्याला) घासून, दोन मणक्यांमधल्या भोकाच्या वरच्या भागातून बाहेर सटकते. डिस्क असते खालच्या बाजूला. म्हणजे डिस्क सरकते तिथे एल ४ केव्हाच घराबाहेर पडलेली असते. उंबऱ्यात चप्पल शोधत उभी असते ती एल ५, आणि डिस्क तिच्या पायावर पडते. मानेत तसं नाही. तिथे नर्व्ह जवळजवळ आडवी, डिस्कच्याच पातळीला बाहेर जाते. म्हणून सी ५ आणि सी ६ मधली डिस्क त्या फटीतल्या नर्व्हला दाबते, आणि त्या फटीतली नर्व्ह सी ६.

दोन्हीकडे खालचा नंबर आला ना? म्हणून सीनियर सांगतात, ‘खालचा नंबर सांग आणि मोकळा हो.’ या शॉर्टकटवर माझा राग आहे. सी ७ आणि टी १ मधल्या डिस्कला तुम्ही टी १ म्हणाल, तिथे सी ८ असते. कमरेतली डिस्क अगदी बाहेरच्या अंगाला, भोकाकडे सरकली तर बाहेर पडलेली एल ४ च सापडते. कारण माहीत असेल तर हे दोन्ही आपोआप येतं, नसेल तर दोन्हीकडे पडाल.

उरला मज्जारज्जू. मोठ्या माणसात तो साधारण एल १ च्या खालच्या कडेला संपतो, नवजात बाळात एल ३ पर्यंत असतो. खाली फक्त नर्व्हच्या मुळांचा झुपका, घोड्याचं शेपूट. म्हणून एलपीची (लंबर पंक्चर, पाठीतलं पाणी काढायची) सुई एल ३-४ किंवा एल ४-५ मध्ये. कमरेच्या हाडांचे दोन्ही वरचे काठ जोडणारी रेषा एल ४ च्या आसपास जाते, ती स्वतःच्या अंगावर हात ठेवून शोधा. आणि रज्जू आखूड असल्यामुळे टी १२ मणक्याच्या पातळीला टी १२ सेगमेंट नसतो, तो वर राहून गेलेला असतो. तिथे कमरेचे शेवटचे आणि सेक्रल सेगमेंट दाटीवाटीनं बसलेले असतात. कुणी ‘एल ४’ म्हटलं की आधी विचारा, मणका, नर्व्ह की सेगमेंट? परीक्षकालाही विचारलं तर चालतं. रागावत नाहीत, उलट सरसावून बसतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आई शिवणकाम करते. सप्लीच्या सुट्टीत तिची रिकामी रिळं गोळा केली, २४, आणि जाड दोरीत ओवली. मानेला आठ लाल लोकरीचे धागे, पहिल्या रिळाच्या वरून सुरू करून. बाकीचे निळे, आपापल्या रिळाखालून. आतली वेगळी दोरी विसाव्या रिळाशी गाठ मारून संपवली, तिथून खाली नुसते धागे लोंबते ठेवले. आई म्हणाली, “हा हार कुणाला घालणार?” पण धागे ओढून बसवताना बोटांनाच कळलं, कुठला धागा कुठल्या फटीशी थांबतो. थ्रीडी ॲप वाईट नाहीत, पैसे असतील तर घ्या, पण हाड हातात खेळवल्यावर.

विचारायचं असेल तर नुकताच पास झालेल्याला विचारू नका, तो अवघड काय होतं हे विसरलेला असतो. आमच्या डीएचचे मामा, जे सांगाडे तारेनं ओवायचे, ते डोळे मिटून मणका ओळखायचे. आडव्या टोकांत भोक असलं की मानेचा, बरगडीची खूण असली की छातीचा, दोन्ही नाही आणि थोराड असला की कमरेचा. मीही तसंच करते. लाज सोडून त्यांच्याकडे जा.

गेल्या महिन्यात ऑर्थोच्या ओपीडीत एक ऊसतोड काका आले, एमआरआयवर एल ४-५ ची डिस्क. मी त्यांना पायाचे अंगठे वर उचलून धरायला सांगितले. डावा माझ्या बोटानं दाबूनही हलेना, उजवा लगेच खाली बसला. अंगठा वर उचलणारी नर्व्ह कुठली? एल ५. सरांना सांगताना आवाज थोडा चढलाच.

रिळांची माळ सध्या फर्स्ट इयरच्या मुलींकडे आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी न्या. सी ८ चा धागा सुटलाय, सातव्या रिळाच्या खालून परत ओवून घ्या.