‘वाचून झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

एम.ए.च्या पहिल्या सत्रात माझ्याकडे एक दोनशेपानी वही होती आणि तिच्या पहिल्या पानावर मी वाचून संपवलेल्या पुस्तकांची यादी लिहीत असे. दिवाळीपर्यंत त्या यादीत अकरा नावे झाली होती. अंतर्गत मूल्यमापनाच्या तोंडी परीक्षेत सरांनी त्यांपैकी एका पुस्तकाचे नाव घेऊन, “यात लेखकाचे म्हणणे काय आहे आणि तुम्हांला ते पटते का?” असे विचारले, तेव्हा मला प्रकरणांची नावे क्रमाने सांगता आली, लेखकाचे म्हणणे मात्र सांगता आले नाही. ‘वाचून झाले’ हे शब्द मी किती सहज वापरत होते, ते त्या पाच मिनिटांत कळले. पुढील दीड वर्षात वाचण्याची जी पद्धत हळूहळू बसली, ती पदव्युत्तर वर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी येथे लिहीत आहे. माझा विषय इतिहास असल्याने उदाहरणे त्यातीलच येतील.

धरणगावजवळच्या खेड्यातून मी पॅसेंजरने जळगावला महाविद्यालयात जात असे. पदवीपर्यंत आमच्याकडे अभ्यास म्हणजे गाईड, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच आणि वरच्या वर्गातील एखाद्या ताईच्या नोट्सची झेरॉक्स. त्यावर पदवी मिळते, याबद्दल तक्रार नाही. अडचण पुढे येते, कारण पदव्युत्तर अभ्यासात एकाच प्रश्नाची चार लेखकांनी दिलेली चार उत्तरे समोर असतात आणि ती एकमेकांशी भांडत असतात. गाईड वाचण्याची सवय झालेला विद्यार्थी ही चारही उत्तरे एकाखाली एक लिहून काढतो आणि परीक्षकाने त्यातून हवे ते निवडून घ्यावे, अशी अपेक्षा ठेवतो. मीही तेच करीत होते.

खरा धडा लघुप्रबंधाने दिला. एकोणिसाव्या शतकातील खानदेशातील कापूस हा विषय मी घेतला होता आणि जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८० साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा, म्हणजे खानदेशावरील खंड मोठ्या उत्साहाने वाचायला घेतला होता. त्यातील कापसाखालील क्षेत्राचे आकडे मी उतरवले, त्यांच्याशेजारी विसाव्या शतकातील पूर्व खानदेशाचे आकडे मांडले आणि लागवड बरीच घटल्याचा निष्कर्ष काढून दोन पाने लिहिली. मार्गदर्शक बाईंनी ती पाने वाचून एवढेच विचारले, “हा खानदेश कोणता?” १८८० चा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्यात आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे जवळजवळ सामावलेले होते, १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. मी एका मोठ्या जिल्ह्याची तुलना त्याच्याच एका तुकड्याशी केली होती. लागवड घटली नव्हती, जिल्हा घटला होता. वजनाच्या बाबतीतही असाच घोळ होता. मुंबईच्या कापूस बाजारातील खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची असे, आणि मी मात्र घरी धान्यासाठी ऐकलेली खंडी डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडला होता.

तेव्हापासून कोणताही मजकूर उघडण्यापूर्वी तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला, त्यातील प्रदेशाची हद्द कोणती आणि मोजमापे कोणती, हे मी टिपणाच्या माथ्यावर आधी लिहिते. या नोंदीला दहा मिनिटे लागतात. गॅझेटियर हे राज्यकारभारासाठी तयार झालेले पुस्तक आहे, एवढे जरी ध्यानात राहिले तरी त्यातील भिल्लांविषयीची वाक्ये वाचताना ती कोणाच्या नजरेची आहेत, हा प्रश्न आधी पडतो. अर्थशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हद्दीऐवजी नमुन्याचा आकार, पायाभूत वर्ष किंवा प्रयोगाची परिस्थिती पाहावी लागेल. प्रश्नाची जात तीच.

आता लेख वाचण्याविषयी. तेव्हा वॉटर्लू विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एस. केशव यांनी २००७ मध्ये शोधनिबंध तीन फेऱ्यांत वाचण्याची पद्धत मांडली. पहिली फेरी पाच ते दहा मिनिटांची असते आणि तीत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षके, निष्कर्ष आणि संदर्भसूची एवढेच पाहायचे असते. दुसऱ्या फेरीला तासाभरापर्यंत वेळ द्यायचा आणि बारीक सिद्धता सोडून मांडणी समजून घ्यायची. तिसऱ्या फेरीत लेखकाचे काम आपणच मनाशी पुन्हा करून पाहायचे. तिला नवख्या वाचकाचे चार-पाच तास जातात, असे ते सांगतात. संगणकशास्त्रातील ही पद्धत इतिहासाला जशीच्या तशी लागत नाही, कारण आमच्याकडील अनेक लेखांना सारांशही नसतो आणि उपशीर्षकेही नसतात. तिथे मी पहिल्या फेरीत पहिली दोन पाने, शेवटची दोन पाने आणि तळटीपा वाचते. तळटीपांत लेखकाने मूळ कागदपत्रे पाहिली आहेत की इतरांच्या पुस्तकांवरच काम भागवले आहे, ते लगेच दिसते. माझ्या हिशेबाने दहा लेखांपैकी सहा पहिल्या फेरीतच बाजूला ठेवण्यासारखे असतात, तीन दुसऱ्या फेरीपर्यंत जातात आणि एखादाच तिसऱ्या फेरीचा मान मिळवतो. सहा लेख अर्ध्यावर सोडताना नवीन विद्यार्थ्याला अपराधी वाटते. तसे वाटू देऊ नये. मात्र का सोडला, याची एक ओळ लिहून ठेवावी, नाहीतर सहा महिन्यांनी तोच लेख नव्याने सापडल्याच्या आनंदात पुन्हा वाचला जातो.

वाचलेले डोक्यात राहते की नाही, हे पाहण्याचा एकच मार्ग मला भरवशाचा वाटतो. पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री पुनर्वाचन केल्यावर सगळे येते असे का वाटते आणि पुढच्या सत्रात त्यातले काहीच का उरत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

माझ्याकडे कोऱ्या कागदाच्या जोडीला आणखी एक कसोटी होती, ती म्हणजे माझी माय. ती चौथी शिकलेली आहे आणि आमच्या घरात अहिराणीच बोलली जाते. संध्याकाळी ती भाकरी थापत असताना मी दिवसभरात वाचलेले प्रकरण तिला अहिराणीत सांगत असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे तिला लगेच पटले, कारण भाव चढतो आणि उतरतो हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ‘व्यापारीकरण’, ‘वसाहतकालीन अर्थव्यवस्था’ असे शब्द आले की मात्र मी अडखळत असे आणि ती तवा उतरवत विचारी, “तुले समजनं का?” बहुतेक वेळा समजलेले नसे. जो शब्द मला अहिराणीत फोडून सांगता येत नव्हता, तो मी पुस्तकातून नुसता उचललेला असे. ज्यांच्या घरी गुजर, लेवा, भिल्ल किंवा पावरा बोली आहे, त्यांनी आपापल्या बोलीत हा प्रयोग जरूर करावा. प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत वाक्ये उसनी घेऊन वेळ मारून नेता येते, घरच्या बोलीत तशी सोय नसते.

इंग्रजी वाचनाची भीती हा आपल्याकडील मोठा अडसर आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या महिन्यात मला इंग्रजीतील एक परिच्छेद वाचायला अर्धा तास लागे, कारण प्रत्येक अनोळखी शब्दाला मी शब्दकोश उघडत होते. पुढे मी असे ठरवले की जो शब्द त्याच लेखात तीनदा आला किंवा ज्यावर लेखकाचा सगळा मुद्दा उभा आहे, तेवढाच पाहायचा आणि वहीच्या शेवटच्या पानांवर त्याचा मराठी प्रतिशब्द वाक्यासह लिहायचा. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोश हे दोन्ही मोबाइलवर पाहता येतात. विश्वकोशातील नोंद आधी मराठीत वाचून मग इंग्रजी लेखाकडे गेल्यास निम्मे ओझे उतरते. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस माझी ही शब्दांची यादी चाळीस पानांची झाली होती आणि अर्ध्या तासाच्या जागी दहा मिनिटे पुरत होती.

टिपणांबाबत माझे मत थोडे कडक आहे. पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे घेतले, तर त्याला टिपण काढतानाच अवतरणचिन्हे लावली पाहिजेत. नंतर लावू, असे म्हणणाऱ्याने ती कधी लावल्याचे मी पाहिलेले नाही. माझ्या पानाच्या डावीकडे लेखकाचे म्हणणे असते आणि उजवीकडे माझी शंका किंवा मतभेद. उजवी बाजू सलग तीन पाने कोरी राहिली की मी वाचत नसून उतरवत आहे, असे समजते आणि उठून चहा करते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. पुढे पीएच.डी. करण्याचा विचार असलेल्यांनी ही सवय एम.ए.पासूनच लावून घ्यावी.

वेळापत्रकाचे पुस्तकी तक्ते आपल्याकडे चालत नाहीत. पहिल्या सत्राची परीक्षा जवळ येते तेव्हा घरी कापसाची वेचणी सुरू असते, आणि दुसरे सत्र संपता संपता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते, माहेरवाशिणी येतात, घर भरते आणि बाहेर पारा ४४-४५ अंशांकडे सरकतो. यात रोज आठ तास वाचण्याचा संकल्प करणे म्हणजे स्वतःची फसवणूक. मी पहाटे पाच ते सात हे दोन तास अवघड वाचनासाठी राखले होते आणि गाडीतला वेळ आदल्या दिवसाचे न पाहता आठवण्यासाठी. वेचणीच्या दिवसांत नवीन काही वाचायचे नाही, जुन्याची उजळणी तेवढी करायची, असे आधीच ठरवल्याने मनाला टोचणी लागली नाही. तालुक्याच्या गावांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांचे वातावरण असते; शांतता मिळते, पण शेजारचा मुलगा वस्तुनिष्ठ प्रश्न धडाधड सोडवताना पाहून आपणही तसेच वाचू लागतो. प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला १०० प्रश्नांची तशी तयारी लागतेच, पण ती शेवटच्या चार महिन्यांची गोष्ट आहे.

साधनांची उणीव आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. देशभरातील प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि आपल्या विषयावरचा प्रबंध सापडल्यास त्याची संदर्भसूची आधी पाहावी. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र आणि राज्य शासनाच्या उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. आपले महाविद्यालय त्यात बसते की नाही, हे ग्रंथपालांना विचारावे. संदर्भ साठवण्यासाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. जुन्या कागदांसाठी मात्र अजून प्रवासाला पर्याय नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि त्याच गावातील हस्तलिखितांनी भरलेले समर्थ वाग्देवता मंदिर ही ठिकाणे इतिहास व मराठीच्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी पाहून यावीत. जाताना शाईचे पेन घरी ठेवून पेन्सिल न्यावी.

मी धुळ्याला गेले तेव्हा दिवसभर बसून ‘संशोधक’ या मंडळाच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांतून चौदा टिपणे काढली आणि संध्याकाळच्या एसटीने समाधानाने परतले. लघुप्रबंध टंकलेखनाला देताना लक्षात आले की त्यांतील एका टिपणावर अंकाचा क्रमांक होता, पण पृष्ठांक नव्हता, आणि तेच अवतरण माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी होते. सादर करण्याला चार दिवस उरले होते. पहाटेची पहिली गाडी धरून मी पुन्हा धुळ्याला गेले, अंक मागवला, पृष्ठांक लिहून घेतला आणि दुपारी दोनच्या गाडीने परत आले.