मुंबईची थंडी बघून गावचा वाफा आखू नका

गावी जमीन घेऊन शेती करायचीच आहे, तर आधी गॅलरीत हात बसू दे, म्हणून गेले तीन हिवाळे मी बोरिवलीत भाज्या लावतेय. चुका पोत्याने केल्या. बहुतेकींचं मूळ एकच: मुंबईच्या थंडीला थंडी समजणं.

बियांच्या पाकिटावर ‘ऑक्टोबरपासून पेरणी’ असं छापलेलं असतं. ते पाकीट मुंबईसाठी छापलेलं नसतं. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. त्या उन्हात मी वाटाणा लावला. वेल चढला, फुलं आली आणि शेंग न धरताच गळली. तिशीच्या वर पारा गेला की वाटाण्याचं असंच होतं, आणि इथे जानेवारीतही दुपारी तिशी ओलांडते. आता पेरणी नोव्हेंबरात करते, आणि वाटाण्याचा नाद सोडलाय.

फ्लॉवरचा घोळ त्याहून मोठा. लवकर येणारा वाण आणि कडक थंडीतला वाण वेगळे असतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. थंडीतला वाण लावला तर आपल्या हवेत नुसता पाला माजतो, गड्डा धरत नाही. दुकानात ‘लवकरचा वाण’ असं सांगून मागा.

मुळ्याची रोपं तयार करून दुसरीकडे लावू नका. मूळ दुखावतं आणि मुळा फाटे फोडतो. गाजराचंही तेच. ताजं शेणखत तर दोघांनाही नको. धने अख्खे पेरले तर उगवण रखडते, हलके रगडून दोन फाका करा. मेथी उगवून पिवळी पडत असेल तर खत घालू नका, आधी पाणी कमी करा. थंडीत कुंडी लवकर वाळत नाही, आणि आपण सवयीने रोज तांब्या ओततो. (खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हे माझ्याआधी ओळखलं होतं.)

ऊन मे महिन्यात बघून जागा ठरवली, हीही माझीच करामत. तेव्हा उत्तरेच्या गॅलरीत छान ऊन होतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो. पालक सावलीत लांबुडका होऊन पडला. दक्षिणेची खिडकी पकडा, मग ती बेडरूमची का असेना.

जमीन बघताना मात्र उलटं करावं लागतं. डिसेंबरात कोकणातली विहीर भरलेली दिसते आणि माणूस भुलतो. आम्ही रायगडात अशीच एक जागा जवळजवळ ठरवली होती. शेजारच्या आजींनी विचारलं, “बाई, मे महिन्यात आली होतीस का?” भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तिथे वाल होतात, बागायतीसाठी पाणी वेगळं लागतं, हे त्यांनीच समजावलं. कोबी-फ्लॉवरची स्वप्नं घाटावरच्या थंडीची होती.

आणि बयाणा देण्याआधी घरातल्या कुणाच्या नावावर सातबारा आहे का ते पाहा. शेतकरी नसलेल्याला १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्याकडे सासऱ्यांचा सातबारा निघाला, नाहीतर गॅलरीवरच भागवावं लागलं असतं. आता मे महिन्यात जाऊन त्या विहिरीत दोरी सोडून बघणार आहोत.