"हे तुला दिसलं का?"

पेशीचा धडा मला बारावीतच तोंडपाठ होता. झोपेतून उठवलं असतं तरी ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या लयकारिका अशी पेशीतल्या भागांची नावं घडाघडा म्हणून दाखवली असती. पदवीच्या पहिल्या प्रात्यक्षिकात कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि झोकात आकृती काढली, हिरव्या पेन्सिलीने रंगवलेल्या हरितलवकांसकट (पानाला हिरवा रंग देणारे भाग)! मॅडमनी एवढंच विचारलं, "हे तुला दिसलं का?" दिसणार कुठून? त्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच. मी पुस्तकातली पेशी उतरवली होती.

ती पेशी प्रत्यक्षात कुठेच नसते. सगळे भाग एकत्र दाखवता यावेत म्हणून ती रचलेली असते. हे कळल्यावर मी यादी घोकणं सोडलं आणि कोणत्या पेशीत कशाची दाटी आहे, काय गायब आहे, हे बघू लागले. आपल्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. हिमोग्लोबिनला जागा मिळते, आणि वाहून न्यायचा ऑक्सिजन पेशी स्वतःच खाऊन टाकत नाही. हृदयाच्या स्नायुपेशीत मात्र तंतुकणिका खच्चून भरलेल्या, कारण तिथे ऊर्जेची मागणी थांबतच नाही.

माझं घोडं सगळ्यात जास्त अडलं ते प्रद्रव्यपटलापाशी, म्हणजे पेशीतल्या द्रव्याभोवतीच्या पातळ आवरणापाशी. पेशीभित्तिका (वनस्पतीच्या पेशीची बाहेरची ताठ भिंत) आणि पटल मिळून एकच रेघ दिसायची. पटल जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. मग दिसणार कसं? मिठाच्या पाण्याने. लाल कांद्याच्या रसदार पाकळीची बाहेरची जांभळी त्वचा घ्या आणि काचेच्या कडेने दाट मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. काही मिनिटांत रंगीत भाग आक्रसतो, भित्तिका जागच्या जागी राहते. पाणी पटलातून बाहेर पडलं, मिठाला तितक्या सहज आत शिरता आलं नाही. फार उशीर न करता साधं पाणी दिलंत तर पेशी पुन्हा फुगते. परासरणाची, म्हणजे पटलातून पाणी दाट द्रावणाकडे जाण्याची, व्याख्या मला तेव्हा कळली.

रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिले ते असेच भिंतींचे कप्पे, पण आत जीव नसलेले. केंद्रकाला ते नाव मिळायला रॉबर्ट ब्राउनपर्यंत, म्हणजे 1831 पर्यंत वाट पाहावी लागली. तुम्हालाही पहिल्या दिवशी कप्पेच दिसतील. मग आयोडीन घाला आणि उजेड थोडा कमी करा. केंद्रक पिवळसर-तपकिरी दिसेल, बहुतेकदा भित्तिकेला टेकलेलं, कारण मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, बळकावलेली असते. सवयीने ते मधोमध काढावंसं वाटतं. वहीत कडेलाच काढा.