स्प्लिट, ह्वार, दुब्रोव्हनिक, कोटोर : निघण्याआधी

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, म्हणजे दाल्मेशियात जायचं ठरलं की पहिल्या संध्याकाळी जी यादी होते तिच्यात झादार असतं, शिबेनिक असतं, त्रोगिर, स्प्लिट, ह्वार, कोर्चुला, दुब्रोव्हनिक असतं आणि शेवटी सीमेपलीकडचं, माँटेनेग्रोतलं कोटोर. दहा दिवस, आठ गावं. ही यादी आधी निम्मी करा. गाव बदलायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. एक खोली सकाळी सोडायची, दुसरी दुपारी ताब्यात मिळायची, मधला वेळ बॅगा सांभाळत धक्क्यावर काढायचा. माझ्या मते स्प्लिटला तीन रात्री, ह्वार आणि कोर्चुला यांपैकी एकाच बेटावर तीन, दुब्रोव्हनिकला तीन, आणि रजा उरलीच तर कोटोरला दोन. त्रोगिर स्प्लिटहून बसने जाऊन-येऊन होतं, त्यासाठी वेगळी खोली नको. हे पक्कं झाल्याशिवाय विमानाची तिकिटं बघूही नका. स्प्लिटला उतरून दुब्रोव्हनिकहून परतायचं तिकीट मिळालं तर तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

मग तारखा. आपल्याकडे सुट्टी मिळते मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. मे उत्तम : ऊन सोसवतं, गर्दी जुलै-ऑगस्टच्या मानाने बरी, फक्त समुद्राचं पाणी थंडगार. ज्यांना पोहायचंय त्यांनी सप्टेंबर गाठावा, उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा छान असतं. दिवाळीत गेलात तर भिंती आणि चर्चेस मोकळी मिळतील, पण बोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात आणि बेटांवरची बरीच खानावळं कुलूपबंद. जुलै-ऑगस्टबद्दल एवढंच सांगतो, पर्याय असेल तर टाळा.

व्हिसाचं काम सगळ्यात आधी सुरू करायचं. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, चलनही त्याच दिवसापासून युरो. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतला ‘कुना’ या आधीच्या चलनाचा हिशेब विसरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. प्रत्यक्षात मे महिन्यासाठी भेटीची वेळ मिळवणं हेच दिव्य असतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच मागे लागा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, आणि त्यात दोन कोरी पानं. विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी. कोटोरला जाणार असाल तर माँटेनेग्रोही त्यात येतं का, ते विमावाल्याला विचारून घ्या. इटली जोडून करणार असाल तर अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे. रात्री समसमान असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे.

कोटोर यादीत असेल तर अर्जात मल्टिपल एंट्रीच, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येण्याची परवानगीच मागा, आणि तसं का हवं ते पत्रात दोन ओळींत लिहा. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. वैध शेंगेन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथे थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण क्रोएशियातून तिकडे गेलात म्हणजे शेंगेनबाहेर पडलात. सिंगल एंट्री असेल तर परत दुब्रोव्हनिकला येण्याची वाट बंद. मोस्तारचा पूल पाहायला बोस्नियात जायचं असेल तरी हेच. पूर्वी तर स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला रस्त्याने जातानाही मध्ये बोस्नियाची नेउमची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे, दोनदा पासपोर्ट दाखवावा लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल झाला आणि ती कटकट गेली. तरी बस किंवा टॅक्सी ठरवताना ‘पुलावरूनच जाणार ना?’ हा प्रश्न एकदा विचारायला काही लागत नाही. पुलाच्या वाटेवर स्टोन लागतं. रागुसा, म्हणजे जुन्या दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाची तिजोरी ज्या मिठाने भरली ती मिठागरं आणि ती राखायला डोंगरावर चढवलेली भिंत तिथे अजून उभी आहे. स्वतःची गाडी असेल तर तासभर थांबाच.

आता बोटी. बेटं पाहायची तर सगळं वेळापत्रक बोटींच्या हातात असतं. गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेऱ्या वेगळ्या आणि फक्त माणसं नेणाऱ्या कॅटामरान वेगळ्या. स्प्लिटहून निघालेली मोठी फेरी ह्वार बेटावर जाते, पण ह्वार गावात नाही. ती लागते स्टारी ग्रादला, आणि तिथून ह्वार गाव बसने वीसेक किलोमीटर. कॅटामरान मात्र तासाभरात थेट गावच्या धक्क्यावर. खोली कुठल्या गावात घेतली आहे ते पाहून तिकीट काढा. दुब्रोव्हनिकच्या बोटी जुन्या शहराखाली लागत नाहीत, गृझ बंदरात लागतात, आणि गृझ ते जुन्या शहराचा पिले दरवाजा हे बॅग ओढत चालण्यासारखं अंतर नाही. शहर बस आहे. स्प्लिटचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं : बोटीचा धक्का, बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि रोमन सम्राटाचा राजवाडा, सगळं पायी दहा मिनिटांत.

हवामानाचा अंदाज पाहताना पावसापेक्षा वाऱ्याचा रकाना पाहा. डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा थंड, कोरडा वारा म्हणजे बुरा. आग्नेयेकडून येणारा दमट आणि लाटा उठवणारा युगो. आणि उन्हाळ्यात दुपारी सुटणारा सुखाचा माएस्त्राल. बुरा किंवा युगो जोरात असला की कॅटामरान सरळ रद्द होतात. म्हणून बेटावरून परतायचा दिवस आणि विमानाचा दिवस यांच्यात निदान एक रात्र मुख्य भूमीवर काढायचीच. बोट लागत असेल तर गोळी बंदरावर पोचल्यावर नको, अर्धा-एक तास आधी घ्या. कोर्चुलाला गेलात तर तिथली गल्लीबोळं हातात नकाशा घेऊन चाला. माशाच्या काट्यासारखी आखणी आहे. पश्चिमेकडच्या गल्ल्या माएस्त्राल आत यावा म्हणून सरळ, पूर्वेकडच्या बुरा अडावा म्हणून किंचित वळवलेल्या. वाऱ्याचा इतका बारकाईने विचार करून वसवलेलं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. मार्को पोलो आपल्याच गावचा असं तिथले लोक सांगतात. ऐकून घ्यावं आणि पुढे जावं.

बॅग एकच, आणि ती स्वतः उचलून तीन मजले चढता येईल इतकीच. जुन्या गावांत गाडी दारापर्यंत येत नाही आणि खोल्या बहुधा वरच्या गल्ल्यांत असतात. बुकिंग करताना खोलीचे फोटो कमी पाहा, मालकाला दोन प्रश्न विचारा : गाडी सोडते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि दारापासून खोलीपर्यंत किती? आईबाबा बरोबर असतील तर दुब्रोव्हनिकच्या भिंतींच्या आत राहण्याचा हट्ट सोडून भिंतींबाहेरच्या गृझ किंवा लापाद भागात लिफ्ट असलेली खोली घ्या. बुटांवर पैसे खर्च करा, कपड्यांवर नको. इथल्या रस्त्यांचा चुनखडी दगड शतकानुशतकं पाय घासून आरशासारखा गुळगुळीत झालाय आणि शिंतोडा पडला की घसरतो. तळवा पकड धरणारा हवा. समुद्रकिनारा बहुतेक ठिकाणी गोट्यांचा किंवा खडकांचा, आणि पाण्यात काटेरी समुद्री साळू असतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या. ते तिथेही मिळतात. चर्चमध्ये जायला खांदे-गुडघे झाकणारं काहीतरी, संध्याकाळच्या वाऱ्याला पातळ जाकीट, डोक्याला टोपी. पोहण्याच्या कपड्यांत जुन्या गावात हिंडलं तर दंड होतो, आणि ती नुसती पाटी नाही.

खाऊच्या पिशवीबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तुपाची बरणी, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, ताजी फळं यांनाही बहुतांशी मनाई. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, गोडा मसाला, तांदळाच्या पिठाची उकड करायचं सामान, हे सगळं चालतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर रोज एक जेवण सुटतं. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही, फक्त विचारून खायला हवं. ब्लित्वा म्हणजे चार्डची पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. पालक-बटाट्याची सवय असलेल्या जिभेला ती लगेच आपली वाटते. स्प्लिटच्या बाजारात सोपार्निक शोधा : दोन पातळ पोळ्यांच्या मध्ये तीच पालेभाजी, निखाऱ्याखाली भाजलेली, वरून लसूण आणि तेल. काळा रिझोटो (मऊ भाताचा प्रकार) काळा असतो तो माकुळाच्या शाईने, हे ठाऊक असू द्या. मासे खाणाऱ्यांना सांगायला नको, कोनोबात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत बसा आणि आज काय आलंय ते विचारा. दर बहुधा किलोवर असतो, तेव्हा मासा तोलायच्या आधी आकडा विचारा. नळाचं पाणी पिता येतं. दुब्रोव्हनिकमध्ये ओनोफ्रिओच्या पंधराव्या शतकातल्या कारंज्यावरच लोक बाटल्या भरतात.

थोडं वाचून गेलात तर पैसे वसूल होतात, कारण तिथल्या पाट्या फार त्रोटक. डायोक्लेशियन हा सम्राट इ.स. ३०५ मध्ये आपणहून गादी सोडून स्प्लिटच्या या वाड्यात येऊन राहिला. ख्रिस्त्यांचा कठोर छळ करणारा म्हणून त्याची ख्याती, आणि आज त्याची समाधीच कॅथेड्रल झाली आहे, तीही त्याच्याच काळात मारल्या गेलेल्या बिशप डोम्नियसच्या नावाने. वाड्याच्या भिंतींत आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. कॅमेरा खिडक्यांपासून दूर ठेवा. ह्वार गावात नाटकाची आवड असणाऱ्यांनी १६१२ साली उघडलेलं नाट्यगृह चुकवू नये. स्टारी ग्रादच्या मागचं मैदान तर सायकल घेऊन पाहावं : इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी आखलेले शेतांचे चौकोन, त्यांचे दगडी बांध अजून जागेवर, आणि आत द्राक्षं नि ऑलिव्ह. युनेस्कोच्या यादीत असूनही तिथे फारसं कुणी फिरकत नाही.

दुब्रोव्हनिकची भिंत म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरची एकेरी वाट. सावली नाही, मधून उतरायच्या जागा थोड्या, तिकीट ३५ युरोंच्या वर. दिवसाचा पास आधी काढून ठेवा, त्यात भिंत, काही संग्रहालयं आणि शहर बस येते. वर जायचं ते दार उघडताच किंवा बंद व्हायच्या दोन तास आधी. मधल्या वेळात क्रूझची माणसं असतात. वरून छपरं पाहताना नव्या आणि जुन्या कौलांचा रंग वेगळा दिसतो. ती नवी कौलं क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या १९९१-९२ च्या वेढ्यानंतरची. त्याची हकीगत स्र्ज डोंगरावरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. वर जाणारी केबल कार वाऱ्यात बंद होते, म्हणून ती शेवटच्या दिवसावर टाकू नका. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांनी जुन्या बंदरातून लोक्रुम बेटावर जावं. पूर्वेच्या दरवाजाबाहेर लाझारेती आहेत, परक्यांना वेगळं ठेवून तपासण्याच्या इमारती; रोगाच्या साथीत बाहेरून येणाऱ्यांना विलगीकरणात ठेवण्याचा कायदा या शहराने १३७७ मध्ये केला होता. गोव्याच्या वाचकांसाठी एक जादा गोष्ट : शहराचा रक्षक संत ब्लेज, दरवाजांवर त्याच्याच मूर्ती, आणि जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळीचं साव ब्राझ चर्च याच संताचं. मसाल्याच्या व्यापारासाठी आलेल्या रागुसाच्या लोकांशी त्याचा संबंध जोडला जातो. जाण्याआधी ते पाहून ठेवा.

पैशांचं थोडक्यात. फॉरेक्स कार्ड युरोत भरा, शंभर-दोनशे युरो सुटे ठेवा, आणि मशीनने ‘रुपयांत घेऊ का युरोत?’ विचारलं तर नेहमी युरो. माँटेनेग्रोतही युरोच चालतो. फोनचं युरोपचं सिम मात्र तिथे चालेलच असं नाही. उलट दुब्रोव्हनिकच्या आसपास फोन आपणहून शेजारच्या देशाचं नेटवर्क पकडतो, तेव्हा सीमेजवळ डेटा बंद ठेवा. आपला मोठ्या गोल पिनांचा प्लग लागत नाही, दोन बारीक पिनांचा चार्जर लागतो. औषधांची चिठ्ठी मूळ घटकाच्या नावाने लिहून घ्या. तातडीला ११२.

कोटोरला बसने जाताना सीमेवर किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद सुरू झाल्यामुळे तर नाहीच. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, पाणी आणि खाऊ हाताशी ठेवा. गाडी भाड्याने घेतली असेल तर ती देशाबाहेर न्यायची लेखी परवानगी आणि आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. गावामागच्या किल्ल्याला तेराशेंहून जास्त पायऱ्या आहेत, ऊन चढायच्या आत निघा.

परतीचं विमान दुब्रोव्हनिकचं असेल तर शेवटची रात्र शहरात न काढता त्साव्हटाटला काढा. कोटोरहून येताना विमानतळ आणि त्साव्हटाट दोन्ही शहराच्या अलीकडेच लागतात. एपिदॉरम हे प्राचीन शहर इथलंच; ते उद्ध्वस्त झाल्यावर तिथून निसटलेल्यांनी दुब्रोव्हनिक वसवलं, असं परंपरा सांगते. खोल्या स्वस्त, धक्का शांत, विमानतळ टॅक्सीने काही मिनिटांवर. टॅक्सी मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेवा.