डीसी सर्किट शिकायला बसण्यापूर्वी

डीसी म्हणजे बॅटरीतून येतो तसा एकाच दिशेने वाहणारा करंट. त्याचं सर्किट शिकताना सर्वात आधी वही आणि पेन घ्या, बॅटरीला नंतर हात लावा. मीटरवर किती आकडा यायला हवा हे कागदावर आधीच लिहिलेलं नसेल, तर जो दिसेल तो बरोबरच वाटतो आणि शिकणं तिथेच थांबतं.

गणित फारसं लागत नाही. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम, म्हणजे व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रोध (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात), हवा तसा फिरवता यावा. मिलिअँपिअरचे अँपिअर न अडखळता करता यावेत. उत्तर हजारपटीने चुकतं ते इथेच. जोडीला किरचॉफचे दोन नियम: जोडबिंदूत जेवढा करंट शिरतो तेवढाच बाहेर पडतो, आणि बंद वळशात व्होल्टेजची चढउतार मिळून शून्य होते. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं असतं, एका बिंदूचं नव्हे. हे पक्कं बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

सामान थोडकंच: नऊ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता घटक खोचून जोडायचा भोकांचा पाट), वायरी, डिजिटल मल्टिमीटर, एक लाल एलईडी, आणि ४७० ओहम व एक किलोओहमचे पाव वॉटचे रेझिस्टर, एक किलोओहमचे तीन तरी. ब्रेडबोर्डची कोणती भोकं आतून जोडलेली आहेत ते मीटरच्या बीपवर तपासून घ्या. कडेच्या पट्ट्या काही बोर्डांवर मध्येच तुटलेल्या असतात. भिंतीतल्या प्लगची वीज या अभ्यासात कुठेही येत नाही.

मल्टिमीटरला मात्र वेळ द्या. व्होल्टेज मोजताना मीटर घटकाला समांतर, म्हणजे त्याच्या दोन टोकांना लागतो. करंट मोजायचा तर सर्किट एका ठिकाणी तोडून त्या फटीत मीटर बसवावा लागतो. करंटच्या सेटिंगवर मीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी असतो, म्हणून तसाच तो बॅटरीच्या दोन टोकांना लावला की शॉर्ट होतो आणि आतला फ्यूज जाऊ शकतो. करंट मोजून झाल्याबरोबर लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. रोध मोजताना बॅटरी काढलेली हवी आणि रेझिस्टर सर्किटमधून सोडवलेला.

एलईडी थेट बॅटरीला जोडू नका. लाल एलईडीवर साधारण दोन व्होल्ट पडतात, उरलेले सात ४७० ओहमवर, म्हणजे करंट सुमारे १५ मिलिअँपिअर. रेझिस्टरमध्ये साधारण एक दशांश वॉट खर्च होतो, पाव वॉटला तो झेपतो. एलईडीचा लांब पाय धन बाजूला.

मग एक किलोओहमचे दोन रेझिस्टर आधी एकसर, म्हणजे एकामागे एक, मग समांतर जोडा. एकसरमध्ये ४.५ मिलिअँपिअर यायला हवेत, समांतरमध्ये एकूण १८. आकडे थोडे हलले तर घाबरू नका: सोनेरी पट्टीच्या रेझिस्टरमध्ये पाच टक्के इकडेतिकडे चालतं, आणि बॅटरीही नेमकी नऊ व्होल्ट देत नाही. ती आधी मोजा आणि खरा आकडा धरून हिशेब पुन्हा करा. दुपटीचा फरक आला तर जोडणी तपासा.

शेवटी समांतर जोडीच्या आधी तिसरा एक किलोओहम एकसर लावा. मीटर उचलण्यापूर्वी वहीत हे उतरलेलं असावं: एकूण रोध दीड किलोओहम, मुख्य करंट ६ मिलिअँपिअर, एकट्या रेझिस्टरवर ६ व्होल्ट, जोडीवर ३.